अर्धा श्वास मागे

हशमत सेठनं ती कॅसेट टेबलावर सरकवली तेव्हा मी चहात खारी बुडवत होतो, आणि कव्हरावरचे चेहरे ओळखेपर्यंत खारी कपात पडली. पाइपलाइनवर चार जण पाय सोडून बसले होते. अंबरनाथच्या अंगाला असलेली ती जाडजूड पाण्याची पाइपलाइन. तिच्यावर बसून फोटो काढायचा ही कल्पना माझी होती, नव्वद साली, आणि तेव्हाही आम्ही चारच होतो: गाणारा बाळाजी, गिटारवाला धर्मराज, ड्रमवर पदू आणि बेस गिटारवर मी. आता चौऱ्याण्णव साल होतं आणि माझ्या जागी भगवंत बसला होता, वांगणीचा, ज्याला बेसचा पट्टा खांद्यावर कसा घ्यायचा ते मीच कधीतरी शिकवलं होतं. वर लाल अक्षरांत बँडचं नाव, ‘खटका’. खाली कॅसेटचं, ‘जनरल शिफ्ट’. दोन्ही नावं माझी. बाळाजीचा मात्र बॅली झाला होता. मी चमच्यानं खारीचा लगदा काढून खाल्ला, कारण सेठ बघत होता आणि तोंडाला काहीतरी काम हवं होतं.

“अडे हिंदू, ये तेरे गाववाले हैं ना?” सेठ म्हणाला; हिंदुराव त्याच्या तोंडात कधी पुरा बसला नाही. “बंबई में बहुत चल रहा है. मंगल तक अच्छा-बुरा लिख के दे.”

अच्छा-बुरा म्हणजे चिठ्ठी. सिंधी वस्तीच्या कॅम्प दोनमध्ये, सोफे शिवणाऱ्यांच्या गल्लीत, सेठचा माल निघायचा. बारा डेक ओळीनं लावलेले, आणि बाजारात चाललेल्या कुठल्याही कॅसेटच्या हुबेहूब प्रती. हुबेहूब म्हणायचं आपलं. आधी मी मूळ कॅसेट ऐकायची, कुठलं गाणं चांगलं आणि कुठलं पडेल ते कागदावर लिहायचं. चांगली गाणी पहिल्या बाजूला पुढे घ्यायची, पडेल गाणी मागे ढकलायची किंवा उडवायची. मग स्वस्त टेपवर सोसेल असा आवाज इक्वलायझरवर बसवून मी मास्टर काढायचो आणि त्यावरून बाकी सगळा माल. धुळ्या-नांदेडकडच्या कुणा माणसाला गाण्यांचा जो क्रम तोंडपाठ असतो तो कंपनीनं नाही, हिंदुराव नावाच्या एका माणसानं लावलेला असतो, हे त्याला ठाऊक नसतं. मला त्याची गंमत वाटायची. त्या दिवशी वाटली नाही. त्या दिवशी मला एवढंच कळलं की देवानं चार वर्षं थांबवून का होईना, बाळाजीचं मानगूट आणून माझ्या हातात दिलं होतं.

बाळाजीनं मला बँडमधून काढलं ते शिवमंदिराच्या मागे, ओढ्याच्या काठावर. सरळ काढलं असतं तर मी शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण त्यानं आधी भजी खायला घातली. “हिंद्या, यार, तू मागे राहतोस,” तो म्हणाला. “जास्त नाही, अर्धा श्वास. पदूचा ठोका पडतो आणि मग तुझं बोट सुटतं. इथे गणपतीत चालतं रे. मुंबईवाले ऐकणार, त्यांना नाही चालत.” मी म्हणालो, मी सुधारतो. तो म्हणाला, “ते सुधारत नाही, ते रक्तात असतं.” आणि बोटं कागदाला पुसून उठला. ते खरं होतं म्हणून जास्त लागलं. माझा हात मागे राहतो. आमचे आबा कारखान्यात प्रेसवर होते आणि बुवापाड्याच्या खोलीत त्यांनी आम्हाला शिकवलेली एकच गोष्ट म्हणजे, मशीन आधी, हात मागून. साचा पुरता वर गेल्याशिवाय हात घालायचा नाही. घाई केलेल्यांची बोटं ते नावानिशी सांगायचे, कुणाचं कुठलं पेर गेलं ते. मी पहिल्यांदा बेस हातात घेतला तेव्हा ते समोर बसले होते. तो बेसही कॅम्पातल्या सुतारानं सागाच्या फळीचा केलेला, आणि त्याच्या पितळी खुंट्या आबांनी जेवणाच्या सुट्टीत लेथवर काढून आणलेल्या. पदूनं ठोका मारला, मी वाट पाहिली, मग तार सोडली. आबा मान हलवून म्हणाले, हां, असं. तेव्हा तो दोष नव्हता. दोष तो भजी खाताना झाला.

दार लावून मी डेकवर कॅसेट घातली, कानांवर हेडफोन चढवले आणि कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे अच्छा, उजवीकडे बुरा. उजवी बाजू भरून वाहावी अशीच माझी इच्छा होती, ती मी कशाला लपवू? पण माझा कान खोटं बोलत नाही, हे माझं दुर्दैव आहे. पहिलंच गाणं ‘पाना दे’, आमचंच जुनं, आणि बाळाजीचा आवाज असा आला की मला खुर्चीत सावरून बसावं लागलं. पूर्वी तो गाताना सगळं गाऊन टाकायचा, आता शब्द अर्धा तोडून सोडून देत होता आणि उरलेला अर्धा आपण मनात म्हणत होतो. धर्मराजच्या गिटारीला सूर असे नव्हतेच, नुसते काप होते, कोयत्यानं ऊस तोडावा तसे, आणि ते नेमके जिथे हवेत तिथे पडत होते. मराठी, हिंदी, कॅम्पातली सिंधी शिवी, सगळं एका ओळीत, आणि कुठेही ठिगळ लावल्यासारखं नाही. आम्ही ज्या परदेशी कॅसेटी ऐकत वाढलो त्यांच्यावर कव्हरसुद्धा भलतंच असायचं, आत कोण गातंय तेही कळायचं नाही, नुसता कंबरेत ठोका कळायचा. याला फंक म्हणतात हे आम्हाला फार उशिरा समजलं. त्या ठोक्याला यांनी कारखान्याच्या फाटकापर्यंत आणलं होतं. मी डावीकडे लिहिलं: आवाज उत्तम. गिटार उत्तम. शब्द आपले. लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं.

मग उजवी बाजू. दुसऱ्या बाजूची दोन प्रेमगीतं म्हणजे कंपनीनं घातलेली पाचर. बॅली त्यात लग्नाच्या ऑर्केस्ट्रातल्यासारखा लाडात येतो. इंग्रजी धृपदं उसनी, दुसऱ्याचा कोट घालून वरातीत मिरवल्यासारखी. पहिल्या बाजूच्या शेवटी, गाणं संपता संपता, एक लांबलचक चिरकी शिट्टी वाजते: स्वस्त चाळा, मुंबईच्या कुठल्यातरी यंत्रातून काढलेला. आणि बेस. बेस ऐकला आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो. अर्धा श्वास मागे! ज्या दोषापायी मला ओढ्याच्या काठावर भजी चारून घालवलं, तोच दोष यांनी थेट कॅसेटवर छापून आणला होता. भगवंत माझ्याकडे शिकला आणि माझ्या ओळींबरोबर माझी खोटही घेऊन गेला, असं मी समजलो. आवाज माझ्यापेक्षा पातळ होता, सूर अर्ध्या पट्टीनं वर, हातात वजन नाही. मी लिहिलं: बेस नवशिका, मागे राहतो, वाजवणाऱ्याला स्वतःचं काही सांगायचं नाही. त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्या चिठ्ठीतलं तेवढं एकच वाक्य मी मजेत लिहिलं.

सूड मला तिथेच सुचला. तसल्या संगीतात बेस म्हणजे घरातला कर्ता माणूस. तो बोलत नाही, पण तो उठून गेला की घर बसतं. मी इक्वलायझरच्या खालच्या, जाड आवाजाच्या, दोन पट्ट्या पार तळाला ओढल्या. बेस गेला. ड्रमचं पोटही थोडं गेलं, तेवढं चालण्यासारखं होतं. प्रेमगीतं उचलून पुढे आणली, ‘पाना दे’ मागे टाकलं, शिट्टी कापून फेकून दिली. आता वर बाळाजीचा तो सुंदर आवाज नुसता हवेत लोंबकळत होता, खाली जमीन नाही. मला वाटलं, हे ऐकून लोकांना कळणार नाही काय कमी आहे, पण कमी आहे एवढं नक्की कळेल. म्हणतील, पोकळ आहेत लेकाचे. कॅसेटी परत येतील. सेठच्या धंद्यात वाईट माल परत यायचा, दुकानदार गठ्ठे बांधून पाठवायचे, आणि परत आलेला माल तपासायचं कामही माझंच होतं. ते गठ्ठे सोडताना माझे हात कसे चालतील, ते मी डोळ्यांसमोर आणून ठेवलं होतं.

तीन हजार कॅसेटी गेल्या. कल्याण, नाशिक, पार सोलापूरपर्यंत. मी रोज सकाळी आल्या आल्या परतीच्या मालाचा कोपरा बघायचो. भजनांच्या चार आल्या, एका तमाशाच्या दहा. ‘जनरल शिफ्ट’ची एकही परत आली नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला. कॅम्पातल्या रसवंतीवर वाजायची, बदलापूरच्या रिक्षांत वाजायची, माझ्या जमीन नसलेल्या गाण्यांवर पोरं माना हलवायची. सुरुवातीला माझं डोकं फिरलं. मग एका दुपारी उसाचा रस पिताना उलटा विचार सुचला आणि रस एकदम गोड लागला. बेस काढून टाकला आणि महाराष्ट्रात कुणाला पत्ता लागला नाही, याचा अर्थ काय? अर्थ हा की तो बेस होता न होता सारखाच. मला काढून यांनी जो घेतला त्याची किंमत ही. हा सूड मी योजला होता त्याच्याहून बारीक होता आणि म्हणून जास्त चांगला होता. मी तो दिवसभर तोंडात घोळवला.

त्याच आठवड्यात भगवंत आला. दारातच चपला काढून उभा राहिला, सोफेवाल्यांचा भुसा अंगावर घेत. अंगात कव्हरावरचंच जाकीट, पण हात तेच, भातलावणीचे, नखांत माती धरणारे. तो कशाला आला ते त्यालाही नीट सांगता येईना.

“दादा, कॅसेट आयकलीव का?” तो म्हणाला.

“ऐकायचं कामच आहे माझं.”

“तसं नाय. नीट आयकलीव का? पयल्या बाजूचा शेवट?”

“भगवंता,” मी म्हणालो, आणि हे वाक्य मी कितीतरी दिवस जपून ठेवलं होतं, “मी तुझा बेस काढून टाकला. तीन हजार कॅसेटींत बेसच नाही. आणि एका माणसानं तक्रार केली नाही. कळलं का तुझी लायकी?”

मला वाटलं होतं त्याचा चेहरा पडेल. तो पडला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, नजर खाली, मग वर, मग ओळीनं लावलेल्या डेककडे. “काडलाव?” तो हळूच म्हणाला. “सगला?”

“सगळा.”

“बरा,” तो म्हणाला. “बॅलीनी शपत घातलीय मला. मी काय बोलनार.” आणि चपला पायात न घालता हातात घेऊन गल्लीतून निघून गेला. मी त्या चालण्याला शरम समजलो. ती शरमच होती, फक्त मला ती कुणाबद्दलची ते कळलं नव्हतं.

रविवारी दुपारी साडेचारच्या सुमारास मी मोरीत दाढी करत होतो. आईनं बाहेर टेप लावला. आमची आई, गोजरबाई, हिला वाचता येत नाही; ती कॅसेटी रंगावरून ओळखते. तिची भजनाची पांढरी, आणि माझ्या पिशवीतली मूळ ‘जनरल शिफ्ट’सुद्धा पांढरी. घरचा टेप आबांच्या वेळचा, त्याचा पट्टा सैल झालेला, त्यामुळे सगळं जरा संथ वाजतं. मी कितीदा म्हटलं नवीन पट्टा घालतो, तर ती म्हणते, “ऱ्हाऊ दे बाबा. सावकाश म्हनत्यात तर कळतंय तरी.” मोरीतून मला बाळाजीचा आवाज जाड, झोपाळलेला ऐकू आला आणि हसू आलं. वस्तरा धुवायला मी तांब्या उचलला. तांब्यावर माझ्या डाव्या हाताची बोटं हलत होती. दोन नंबर, मग चौथं, मग दोन नंबर घसरत वर. मी त्यांना हलवत नव्हतो. बाहेरच्या बेसच्या पुढे, सूर यायच्या आधी, बोटं त्या जागी जाऊन थांबत होती, जशी आपल्या घरात अंधारात उंबरा येण्याआधी पाय उचलतो. आवाज आता पातळ नव्हता. त्यात वजन होतं, सागाच्या फळीचं. मी साबण लावलेल्या तोंडानं तसाच उभा राहिलो. मला आठवलं ते कल्याणच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून भाड्यानं आणलेलं मशीन, ज्यात प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा भरता यायचा. याच खोलीत, नव्वद सालच्या मे महिन्यात, दिवसभर खिडक्यांना गोधड्या लावून आम्ही सहा गाणी भरली होती. शेवटचं गाणं भरायला पाच वाजत आले होते. पदू म्हणत होता लवकर, लवकर.

आणि मग टेपवर गाणं संपत आलं आणि ती शिट्टी सुरू झाली. ती शिट्टी नव्हती. संथ पट्ट्यावर ती खाली उतरली, रुंद झाली, आणि कारखान्याचा भोंगा झाली. पाचचा भोंगा, जनरल शिफ्ट सुटल्याचा, पदूच्या ड्रमच्या माइकमध्ये शिरलेला. बाळाजी तेव्हा कपाळावर हात मारून म्हणाला होता, “भोंग्यानं वाट लावली, फेकून दे ती टेप.” फेकली नव्हती. नेली होती. मुंबईत ती जरा जलद फिरवून, गाण्याला चपळाई आणून, वर नवा आवाज आणि नवी गिटार चढवली होती, आणि खाली मी तसाच राहिलो होतो, अर्ध्या श्वासानं मागे, दुसऱ्याच्या नावावर. त्यांना तो मागे राहणारा हात टाकून देता आला नव्हता. मुंबईवाल्यांना तोच हवा होता, असणार. फक्त माणूस नको होता.

मी मोरीतून बाहेर आलो तेव्हा आई स्वयंपाकाच्या कट्ट्याशी होती. तिनं स्टो पेटवला होता आणि पातेल्यात पाणी ओतत होती.

“सुटली वाटतं जनरल,” ती म्हणाली. “च्या टाकते. ह्ये येत्याल आता.”

कारखान्याला टाळं लागून दोन वर्षं झाली होती, तेव्हापासून तो भोंगा कुणी ऐकला नव्हता. आबांना जाऊन तीन. हे तिच्याही लगेच ध्यानात आलं. ती पातेलं हातात धरून उभी राहिली, मग खाली ठेवलं, आणि मला म्हणाली, “मेली सवय. बघतोस काय, तोंड धू.” तिनं चहा मात्र टाकलाच. दोन कप केला. आम्ही तो प्यायलो आणि मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार? की बाळाजीनं माझा हात चोरला, आणि चोरी माझ्यापाशी चालून आली तेव्हा मी ती ओळखली नाही, उलट चिठ्ठीवर दोन रेघा ओढून तिला नवशिकी म्हटलं, मग स्वतःच्या हातानं तीन हजार ठिकाणांहून पुसून टाकलं, वर तुझ्या नवऱ्याचा भोंगाही कापून फेकला, आणि त्यानंतर आनंदानं उसाचा रस प्यालो. बाळाजीला नुसतं मला लपवता आलं होतं. मिटवलं मी. आणि एकही कॅसेट परत आली नव्हती, ही गोष्ट चहाच्या घोटाबरोबर पुन्हा पुन्हा वर येत होती.

मंगळवारी सेठ म्हणाला, “हिंदू, खटका का और दो हजार निकाल. वही वाला. मस्त जा रहा है.” मी हो म्हटलं. दार लावलं, मूळ पांढरी कॅसेट डेकवर घातली, डेकचं मागचं झाकण काढलं आणि मोटरच्या वेगाचा स्क्रू पेचकसानं उलटा फिरवायला लागलो, ऐकत ऐकत, एका वेळी केसाएवढा. भोंगा त्याच्या जागी येऊन बसला तेव्हा थांबलो. मग इक्वलायझरच्या खालच्या दोन पट्ट्या वर ढकलल्या, जातील तिथपर्यंत. बेस भिंतीतून यायला लागला. बाळाजीचा आवाज घोगरा झाला, जड झाला, दुपारी दारू पिऊन आलेल्या माणसासारखा प्रत्येक शब्दावर अडखळायला लागला, आणि त्याचं मला जे सुख झालं ते मी नाकारणार नाही. प्रेमगीतं उडवली. क्रम मूळचा ठेवला. भोंगा पहिल्या बाजूच्या शेवटी, पुरता, एक सेकंदही न कापता. संध्याकाळपर्यंत बारा डेक फिरत राहिले.

या परत येतील, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. दुकानदार म्हणतील, ढिल्या आहेत, गाणारा मेल्यासारखा गातोय. येऊ देत. गठ्ठे बांधून येऊ देत, सोलापूरपासून. परत आलेला माल तपासायचं काम माझंच आहे, आणि मी एकेक नीट ऐकणार आहे.